डगन शाळेचं कुलूप

८ जानेवारी, सोमवार

नाताळची सुट्टी संपली, आज शाळा उघडल्या. सवयीप्रमाणे पहाटे उठले, पोर्चवरचा दिवा मालवला (वीज काही फुकट येत नाही), कॉफी ठेवली आणि खिडकीशी उभी राहिले. समोरच्या कोपऱ्यावर पोरं बसची वाट बघत उभी होतीच. मिट्ट काळोख, त्यात गारठा. तोंडं दिसत नव्हती, नुसती पाठीवरची दप्तरं हलत होती. ही एवढी एवढीशी पोरं, आणि बस त्यांना हायवे ओलांडून पार लार्कमोर शाळेत नेणार. आमची डगन शाळा माझ्या घरापासून दोन गल्ल्यांवर आहे. मुलं कमी झाली म्हणून शाळा मंडळानं ती बंद केली, दारं-खिडक्यांवर फळ्या ठोकल्या. त्या शाळेची मी उपमुख्याध्यापिका होते. मला पोरं भ्यायची, आणि त्या पोरांचे बापही भ्यायचे, कारण तेही माझ्याच हाताखालून गेलेले.

बंद झाली त्या दिवशी मी सगळ्या किल्ल्या मोजून परत केल्या. पुढच्या दाराची एक चुकून माझ्या पर्समध्ये राहिली. चुकूनच म्हणायचं.

तर ठरलं. मी डगन पुन्हा उघडणार, चार्टर शाळा म्हणून.

काल चर्च सुटल्यावर मदर पर्लीनना सांगितलं. चर्चमधल्या सगळ्यांत ज्येष्ठ बाई, वय चौऱ्याऐंशी, डोक्यावर दर रविवारी नवी टोपी, आणि शब्दाचं वजन आमच्या चर्चच्या रेव्हरंड सग्जपेक्षा जास्त. म्हणाल्या, "चार्टर म्हणजे फी घेणारी का गं?"

म्हटलं, "नाही मदर. पैसा सरकारचाच, पण कारभार आपला. शाळा मंडळ सनद देतं. कबूल केलं तेवढं शिकवून दाखवलं नाही, तर काढूनही घेतं."

"म्हणजे इतकी वर्षं रेव्हरंडच्या डोक्यावर बसलीस, आता मंडळाच्या डोक्यावर बसणार. बस बाई, बस. तुला जागा लागतेच."

हा आशीर्वादच समजायचा.

कॉर्लिस लार्कमोरलाच बालवर्ग शिकवते. माझी मुलगी म्हणून सांगत नाही, पण दगडाला वाचायला शिकवील अशी बाई आहे. या थांब्यावरची निम्मी पोरं तिच्याच हातची. माझी नात नायला येत्या ऑगस्टमध्ये तिच्याबरोबर तिथे बालवर्गात जाईल, आणि पुढच्या ऑगस्टला माझी शाळा उघडेल तेव्हा पहिलीत येईल. तीन नंबरच्या खोलीत सकाळचं ऊन येतं. ती खोली मी पहिलीला देऊन टाकली. पहिलीची बाई कॉर्लिस, पुढच्या बाकावर नायला. कॉर्लिसला विचारलं नाही अजून. विचारायचं काय त्यात, आईची शाळा आहे.

२८ जानेवारी

अर्ज लिहून लिहून बोटं वाकडी झाली. मंडळाला सगळं हवं: शिकवणार काय, जेवायला घालणार काय, पोरगं पडलं तर पट्टी कोण बांधणार. मी प्रत्येक उत्तर पहिल्या फटक्यात लिहिलं. इतकी वर्षं दुसऱ्यांच्या चुका बघण्यात घालवली, त्याचा उपयोग होतोय.

कॉर्लिस आणि नायला जेवायला आल्या. तळलेली कोंबडी, पालेभाजी, मागाहून गोडाला पीचचा कॉबलर. नायलानं माझ्या मांडीवर बसून अर्जाच्या मागच्या कोऱ्या बाजूवर घोडा काढला. मी वाचनाचं प्रकरण कॉर्लिसला मोठ्यानं वाचून दाखवलं. तिनं दोन ठिकाणी चुका काढल्या, त्या बरोबर होत्या. मग विचारलं, "मम्मा, तुझ्या शाळेत मुलं कुठून येणार?"

"कुठून म्हणजे? या समोरच्या थांब्यावरून."

"म्हणजे आमच्या लार्कमोरमधून."

"तुझ्या वर्गातून माझ्या शाळेत. घरातल्या घरात!"

हसली नाही. म्हणाली, "आमच्याकडे मुलं घटली की शिकवणाऱ्या बायका कमी करतात. उरलेली पोरं दोन वर्गांची एका वर्गात कोंबतात."

"मग तर बरंच, सगळ्याच जणी माझ्याकडे या. मला चांगल्या बायका हव्याच आहेत."

कॉबलर न खाता गेली. दमते फार पोरगी. माझ्याकडे आली की बसची धावपळ नाही, काही नाही, बाळसं धरेल.

१३ मार्च, मंगळवार

आज मंडळासमोर सुनावणी झाली. निळा सूट घातला, ब्रोच लावला. हॉल भरलेला. आमच्या चर्चचे लोक एका बाजूला, शिक्षक संघटनेचे दुसऱ्या, आणि केबलवर थेट प्रक्षेपण. मी उभी राहिले आणि आधी त्या थांब्यावरचा अंधारच त्यांच्यापुढे ठेवला. म्हटलं, "माझ्या खिडकीतून मला रोज दप्तरं दिसतात, तोंडं दिसत नाहीत. तुमच्यापैकी कुणाचं मूल असं उभं राहतं?" पर्लीनबाई मागून "आमेन" म्हणाल्या, तो माइकवर आला.

मग एक चष्मेवाले गृहस्थ म्हणाले, "कायद्यानं संस्थापकांच्या घरच्या मुलांना आधी जागा देता येते. तुम्ही घेणार?"

"नाही. माझी नात इतरांच्या रांगेत. जागा कमी पडल्या तर सोडतीत तिची चिठ्ठी इतरांच्या चिठ्ठ्यांत."

टाळ्या पडल्या. मग ते म्हणाले, "नवीन शाळेत अनुभवी शिक्षक येतील कशावरून?"

मी एक क्षणही थांबले नाही. "पहिलीला कॉर्लिस टिलरी शिकवणार. माझी मुलगी. सध्या तुमच्याच लार्कमोरला आहे. यापेक्षा चांगली बाई तुमच्या यादीत असेल तर नाव सांगा."

पुन्हा टाळ्या. गृहस्थ चष्मा पुसायला लागले. मैदान मारलं म्हणतात ते हेच.

१८ मार्च

कॉर्लिसचा फोन लागत नाही. आज चर्चमध्ये ती नायलाला घेऊन पलीकडच्या बाकावर बसली आणि शेवटचं गाणं संपायच्या आत निघून गेली. सर्दी झाली असावी. सध्या सगळ्यांनाच होतेय.

२५ मार्च

सर्दी नव्हती.

दुपारी आली, कोट न काढता दारातच उभी राहिली. सुनावणी लार्कमोरच्या सगळ्या बायकांनी केबलवर पाहिली. दुसऱ्या दिवशी तिच्या मुख्याध्यापिकेनं बोलावून घेतलं आणि म्हणाली, जाणार असशील तर आत्ताच सांग, पुढच्या वर्षीचा वर्ग दुसऱ्या बाईला देते.

"मम्मा, मला जायचंय असं मी कधी म्हटलं?"

"म्हणायला कशाला हवं?"

"अख्ख्या शहरासमोर माझं नाव घेतलंस. मला एकदा विचारलं असतंस."

"विचारलं असतं तर तू विचार करत बसली असतीस."

माझं अजूनही तेच मत आहे. पण ती रडली. कॉर्लिस लहानपणी हात मोडला तेव्हाही रडली नव्हती. मी पाणी आणायला आत गेले, परत आले तर गाडी निघून गेली होती. पेला हातात धरून पोर्चवर उभी राहिले जरा वेळ. वाईट वाटलं. निवळेल. आमच्या घरात रागाला आयुष्य फार नसतं.

२४ एप्रिल, मंगळवार

सनद मिळाली! पाच विरुद्ध चार! चष्मेवाल्यानं बाजूनं मत दिलं. पर्लीनबाईंनी हॉलमध्येच गाणं सुरू केलं आणि सुरक्षारक्षकानं त्यांना बसवायच्या ऐवजी ताल धरला. कॉर्लिसनं फोनवर "अभिनंदन, मम्मा" म्हटलं. नायलानं फोन हिसकावून विचारलं, "ग्रॅनी, तुझ्या शाळेत घसरगुंडी आहे का?" म्हटलं, बांधते.

९ जुलै

इमारत ताब्यात आली. मंडळाचा माणूस किल्ल्यांचा जुडगा घेऊन आला आणि एकेक लावत बसला. उन्हानं त्याचं टक्कल लाल झालं. एकही लागेना. मी पर्स उघडली, माझी किल्ली काढली, लावली. खट्. कुलूप त्यांनी बदललंच नव्हतं. त्यानं विचारलं, "ही तुमच्याकडे कशी?" म्हटलं, "चुकून."

आत कबुतरं, ओल, छत खाली आलेलं. पण तीन नंबरच्या खोलीत ऊन होतं तसंच. फळ्यावर कुणाचं तरी "गुड बाय डगन" राहिलेलं. ते मी माझ्या हातानं पुसलं.

१४ ऑक्टोबर

इथे खरं लिहायला हरकत नाही. चिंता वाटतेय. नव्वद मुलं लागतात. बालवर्ग, पहिली आणि दुसरी भरले नाहीत तर सनद कपाटात ठेवून पूजा करायची. ब्यूटी पार्लर, धोबीखाना, बार्बेक्यूचं दुकान, सगळीकडे जाऊन बोलले. लोक मान डोलावतात, पत्रक घेतात, आणि तेच पत्रक टेबलावर ग्लासाखाली ठेवतात. एक आई म्हणाली, "मिस टिलरी, तुमची शाळा चांगलीच असेल, पण अजून ती नाहीच आहे ना. आमच्या पोराची लार्कमोरची बाई तरी आहे."

घरी आल्यावर तीन उत्तरं सुचली.

१७ नोव्हेंबर

चर्चच्या अंगणात माशांचा बेत केला. कढई मी स्वतः सांभाळली. मक्याच्या पिठात घोळवलेला कॅटफिश, कोबीची कोशिंबीर, पांढरा पाव. लोक आले, पोटभर खाल्लं, हात पुसले, आणि त्यातल्या थोड्यांनीच नावं दिली. रेव्हरंड सग्ज तिसऱ्यांदा मासा घेताना म्हणाले, "सिस्टर टिलरी, पेरलंय ते उगवेल." म्हटलं, "तुम्ही पेरलेलं खाऊन टाकताय, रेव्हरंड."

कॉर्लिस आली होती. एका कोपऱ्यात तिच्या वर्गातल्या पोरांच्या आयांशी बराच वेळ बोलत होती. मी हाक मारली तर गप्प झाल्या सगळ्या. मी काही विचारलं नाही. मला वाटलं, माझ्याविरुद्ध बोलत असेल, आणि ते ऐकायची माझी तयारी नव्हती.

२० जानेवारी

चमत्कार! या पंधरवड्यात नावांची रीघ लागलीय. काल पार्लरमध्ये केस सेट करत होते तर दोघीजणी आपण होऊन आल्या. पहिलीसाठी तर जागांपेक्षा नावं जास्त. विचारलं, "आत्ताच कसं मनात आलं?" तर म्हणतात, "बाईंनी सांगितलं. घरी येऊन बसल्या, सगळं समजावलं." या वस्तीत बाई म्हणजे मीच. मी कुणाच्या घरी जाऊन बसले ते आठवत नाही, पण त्या दिवसांत इतक्या उंबऱ्यांवर उभी राहिलेय की सगळी घरं एकच वाटतात. कॅटफिशनं काम केलं हे नक्की.

१० फेब्रुवारी

जागांपेक्षा अर्ज जास्त आले की सर्वांसमोर सोडत काढायची, असा कायदा आहे. ती चर्चच्या हॉलमध्ये काढू म्हटलं, तर रेव्हरंड खुर्चीतून उठले.

"माझ्या हॉलमध्ये लॉटरी? मागच्याच महिन्यात मी जुगारावर प्रवचन दिलंय, सिस्टर!"

त्यात कुणीतरी सुचवलं की माजी सैनिकांच्या क्लबात आकड्यांचे गोळे फिरवायचा बिंगोचा पिंजरा आहे, तो आणू. रेव्हरंडना घेरीच यायची बाकी होती. शेवटी पर्लीनबाईंनी काठी आपटली.

"रेव्हरंड, येशूला दगा देऊन यहूदा गेल्यावर त्याच्या जागी मत्थियाला कसा निवडला हो प्रेषितांनी?"

"ते... चिठ्ठ्या टाकून."

"मग? त्यांचा हॉल बाटला का?"

रेव्हरंड खाली बसले. पण पिंजरा नको म्हणाले, शोभत नाही. तेव्हा पर्लीनबाईंनी आपली ईस्टरची टोपी देऊ केली. लव्हेंडर रंगाची, वर शहामृगाचं पीस, आत रेशमी अस्तर. त्या टोपीला आजवर त्यांच्या सुनेनंसुद्धा हात लावलेला नाही.

कॉर्लिसला फोन करून तारीख सांगितली. म्हणाली, "येईन." मी म्हटलं, "नायलाची चिठ्ठी टाकायला विसरू नकोस. सांगून ठेवते, माझ्याकडून एका केसाचीही सवलत नाही." ती म्हणाली, "माहीत आहे, मम्मा."

२ मार्च, शनिवार

सगळं नीट लिहून ठेवायचंय, जसं झालं तसं.

हॉल खच्चून भरला होता. चिठ्ठ्या काढायला अग्निशमन दलाच्या कॅप्टन बाई गणवेशात आल्या होत्या, म्हणजे कुणी बोट दाखवायला नको. रेव्हरंड नावं वाचत होते, प्रवचनाच्या आवाजात. बालवर्ग झाला. दुसरी झाली. नाव आलं की आया किंचाळायच्या, एक आजोबा तर टेबलावर चढले. मी घड्याळासारखी उभी होते, पण नजर टोपीवरून हलत नव्हती, कारण पहिली शेवटी होती.

नाव, नाव, नाव. नायला नाही. तीस जागा भरल्या. पुढची नावं प्रतीक्षा यादीची. पुढच्या रांगेतली ती "बाई तरी आहे" म्हणणारी आई मुलाला कवटाळून बसली होती. त्याचं नाव यादीत बरंच खाली आलं. मी तिच्याकडे बघू शकले नाही, मी मनात एकच घोकत होते, नायला, नायला, यादीत तरी ये.

कॅप्टन बाईंनी टोपी उलटी करून दाखवली. रिकामी.

"थांबा," मी म्हटलं, "एक राहिलीय. अस्तरात अडकली असणार." आणि टोपी हातात घेतली. बोटानं चाचपलं, काही लागेना. अस्तर ओढलं, ते टर्रकन फाटलं. पिसाच्या बुडाशी बघितलं. लोक बघताहेत हे कळत होतं, पण हात थांबेनात.

"अगं ओडेसा," पर्लीनबाई ओरडल्या, "टोपी आहे ती, कोंबडी नाही! पिसं काय उपटतेस!"

कुणीही हसलं नाही. मागून कॉर्लिस पुढे आली. माझ्या हातातून टोपी काढून घेतली, ओंजळीत धरावी तशी.

"मम्मा, सोड. त्यात नाहीये ती. मी चिठ्ठी टाकलीच नव्हती."

तिनं माझा दंड धरून मला बाहेर अंगणात नेलं. कढई ठेवायचा तो चुलाणाचा दगड आहे ना, त्यावर बसवलं. मी म्हटलं, "माझ्यावर सूड उगवलास."

"सूड?" ती म्हणाली. "माझ्या वर्गातली एकूण एक चिठ्ठी त्या टोपीत होती, मम्मा. मी घरोघर गेले. सांगितलं, माझ्या आईची शाळा आहे, जवळ आहे, ती शब्द खाली पडू देत नाही, पोराला घाला. तुला काय वाटलं, कॅटफिश खाऊन आले ते?"

बाई म्हणजे मी नव्हते तर.

"मग नायलाला का नाही?"

"सगळ्यांच्या चिठ्ठ्या लागणार नव्हत्या, हे मला आधीच माहीत होतं. ज्यांच्या लागल्या नाहीत ती सोमवारी माझ्या वर्गात येतील. येत्या ऑगस्टमध्ये त्यांच्याबरोबर मी पहिलीला जाणार आहे, मी तसं मागून घेतलंय. त्यांना काय सांगू, चांगल्या शाळेत जा म्हणून सांगणाऱ्या बाईनं स्वतःचं पोर तिकडे घातलं आणि तुम्ही राहा इथे?"

"तू माझ्याकडे आली असतीस तर..."

"त्यांच्यापाशी कोण राहिलं असतं?"

घरी आल्यावरही याचं उत्तर सुचलं नाही.

१० मार्च

पर्लीनबाईंकडे टोपीचे पैसे घेऊन गेले. घेतले नाहीत. म्हणाल्या, "अस्तर मी शिवीन. तू आपलं तुझं बघ." मग जरा थांबून, "पोरगी कुणावर गेलीय ते कळलं ना? हट्टात तुझ्याहून सवाई आहे."

म्हटलं, "मी बरोबर होते, मदर."

"होतीस की. तीही होती. म्हणून तर इतकं लागलं."

मी अजून रागावलेलीच आहे. पण शाळा काही माझ्या रागासाठी थांबणार नाही.

२० मे

तीन नंबरची खोली पहिलीच्या नव्या बाईला, डेल्फिन ब्रूक्सला दिली. तरुण आहे, आवाज खणखणीत, पहिल्याच दिवशी तिनं टेबलं गोल मांडली. मला रांगा आवडतात. काही बोलले नाही, हे तिचं नशीब.

ऐकलं की लार्कमोरला दोन बायका कमी केल्या. कॉर्लिस राहिली.

१२ ऑगस्ट, सोमवार

शाळा उघडली!

पहाटे दिवा मालवला, निळा सूट घातला. निघताना थांब्यापाशी कॉर्लिसची गाडी उभी दिसली, तिची ती जुनी हिरवी. बिघडली असावी, संध्याकाळी विचारू म्हटलं, आणि विसरले. आज विसरणारच.

माझ्या किल्लीनं दार उघडलं. सात वाजायच्या आत रांग कोपऱ्यापर्यंत गेलेली. आया, बाप, मावश्या, इस्त्रीचे पांढरे शर्ट, वेण्यांना मणी. एकेकाशी हात मिळवून आत घेतलं, नाव विचारलं, डोळ्यांत बघायला लावलं. एकानं विचारलं, "तू मुख्याध्यापिका आहेस का?" म्हटलं, "आहे. आणि 'तुम्ही' म्हणायचं." एक बाप, माझाच विद्यार्थी, दारात रडायला लागला. त्याला रुमाल दिला आणि म्हटलं, पोरासमोर नाक शिंकरू नकोस. घंटा मी वाजवली. छताच्या कबुतरांनी पुन्हा एकदा पळ काढला.

दुपारी तीन नंबरच्या दारातून आत बघितलं. ऊन सरकलं होतं. पुढच्या टेबलापाशी एक मुलगी जीभ बाहेर काढून घोडा काढत होती. मी तिथे जास्त वेळ थांबले नाही.

पण आनंद झाला, हे लिहायलाच हवं. इतका की जेवायचं राहून गेलं.

२२ ऑक्टोबर, मंगळवार

आमच्या पोरांची पहिली चाचणी झाली. वाचनात मंडळाला कबूल केलं त्याच्या पुढे आहेत. पुढच्या वर्षी तिसरी उघडायची परवानगी मागतेय, आणि पहिली-दुसरीची एकेक तुकडी जादा. देतील. नाही कशी देणार. हे सगळं आज लिहायचं होतं, पण आधी सकाळचं लिहिते.

पहाटे नेहमीसारखं सगळं केलं, दिवा, कॉफी, खिडकी. बाहेर काळोख. थांब्यावर अजून काही दप्तरं हलत होती, यादीत राहिलेली ती पोरं. खिडकी जराशी उघडी होती, आणि त्या काळोखातून एक हसू आलं. ते हसू मी कुठेही ओळखीन. नायला.

सपाता तशाच घालून रस्ता ओलांडला. कॉर्लिस मध्ये उभी होती, एकाची चेन लावत होती, दुसरा तिच्या कोटाला धरून उभ्या उभ्या झोपला होता. हिरवी गाडी माझ्याच कुंपणाला लावलेली.

"गाडी अजून बिघडलेलीच आहे?" मी विचारलं.

"गाडीला काय धाड भरलीय? मी ती रोज इथे लावते आणि यांच्याबरोबर बसनं जाते."

"का?"

"आधी इथे मुलं पुष्कळ होती, मम्मा, म्हणून आयाही असायच्या, सगळ्यांवर लक्ष राहायचं. आता त्या आया तुझ्या दारात उभ्या असतात. उरलेल्यांच्या आया पहाटेच्या पाळीला कामावर जातात." तिनं आवाज चढवला नाही. चेन लावून झाली होती. "ही घाबरतात."

म्हणजे ऑगस्टपासून रोज, माझ्या खिडकीसमोर. माझ्या तोंडाशी पुष्कळ आलं: नवीन तुकडी काढतेय, पुढच्या वर्षी सगळ्यांना घेते, तूही ये, तीन नंबरची खोली ब्रूक्सकडून काढून घेईन. सगळं सांगायचं होतं. नायलानं माझा हात धरला, तिची बोटं गार पडली होती. आणि मी ते काहीच न सांगता विचारलं, "कॉर्लिस, तुला माझ्याकडून काय हवंय?"

"खरंच विचारतेयस?"

"विचारतेय."

तिनं जरा विचार केला. मी तिला करू दिला. मग माझ्या घराकडे बोट केलं.

"तो पोर्चचा दिवा. आम्ही येतो आणि तू मालवतेस. बस येईपर्यंत चालू ठेवशील?"

मी मंडळासमोर या अंधारावर भाषण केलं होतं. टाळ्या घेतल्या होत्या. लाज वाटली, आणि ती लपवायला तिथे अंधार होता हे बरंच झालं.

तशीच परत गेले, आत हात घालून बटण दाबलं. रस्त्यापलीकडून पोरं ओरडली, जसं काही मी ख्रिसमसचं झाड लावलं. मी पोर्चवरच उभी राहिले, बस येईपर्यंत. सगळी तोंडं दिसत होती. तो "बाई तरी आहे" वालीच्या मुलाचे पुढचे दात पडलेत. कॉर्लिस बारीक झालीय. नायलानं चढताना वळून हात हलवला.

तिचं दप्तर जांभळं आहे. खिडकीतून मी इतके दिवस ते कुणाचं तरी लाल दप्तर समजत होते.